रकाना तिसरा : कोणाला भेटायचे आहे?

वाचक लिहितात : वय 63, बँकेतून निवृत्त. यजमान 66, खासगी कारखान्यातून निवृत्त (2021 साली एक स्टेंट). पस्तीस वर्षं डोंबिवलीत काढली. आता गर्दी नको झाली आहे आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला तर नकोच. यजमान सांगलीच्या वालचंद कॉलेजचे, 1981 सालचे मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांना तिथेच, सांगलीच्या विश्रामबागेत फ्लॅट घ्यायचा आहे. मी मूळची बेळगावची, बी.एस्सी. केलं धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून. मला धारवाडला प्लॉट घेऊन लहानसं घर बांधायचं आहे. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूत. दोन वर्षं चर्चा चालली आहे, दोन्हीकडे दोन-दोन चकरा झाल्या, ठरत काही नाही. कॉलेजचं गाव म्हणजे जिवंत गाव. पोरांची वर्दळ, वाचनालय, गाणं, व्याख्यानं. म्हातारपण अशा गावात बरं जाईल यावर आमचं एकमत आहे, फक्त गाव कुठलं एवढंच अडलं आहे. ताई, तुम्हीच कौल द्या.

नमस्कार.

तुमचं पूर्ण पत्र चार पानी होतं, वर फक्त त्याचा गोषवारा दिला आहे. मी ते तीनदा वाचलं. दीड पान धारवाडच्या घराच्या नकाशावर गेलंय : पुढे ओसरी, कोपऱ्यात पारिजातक, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. पाऊण पान विश्रामबागेतल्या फ्लॅटला हवा कशी येत नाही यावर. तुमच्या गुडघ्यांवर एक ओळ. यजमानांच्या स्टेंटवर अर्धी, तीही कंसात. मी कधी बँकेत काम केलं नाही, पण ताळेबंदात कंसातला आकडा आधी बघायचा असतो एवढं मलाही ठाऊक आहे.

कौल लावायच्या आधी त्या एकमताबद्दल बोलू. सांगली की धारवाड यावर तुमचं जमत नाही, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. कॉलेजचं गाव म्हातारपणाला बरं, हे मात्र तुम्ही दोघांनीही न तपासता धरून चाललाय.

माझे एक मामा होते. ठाण्यातली नोकरी संपल्यावर हट्टाने आपल्या कॉलेजच्या गावी राहायला गेले. गावाचं नाव सांगत नाही, तुमच्या दोन्हींपैकी नव्हे. मी भेटायला गेले तेव्हा सकाळीच मला कॉलेज दाखवायला निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. फाटकावरचा वॉचमन पोरगेलासा, नवा. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. पहिला रकाना नाव, दुसरा कुठून आलात, तिसरा कोणाला भेटायचे आहे, चौथा वेळ आणि सही. मामांनी नाव लिहिलं. 'कुठून आलात' इथे जरा थांबून आपल्या बॅचचं साल लिहिलं. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं आणि तसेच उभे राहिले. शिकवणारे कोणी उरले नव्हते, बरोबरचे कोणी त्या गावात नव्हते. मागे दोन मुलं मोटारसायकली घेऊन खोळंबली होती. शेवटी मामांनी 'लायब्ररी' असं लिहिलं. वॉचमन म्हणाला, "काका, माणसाचं नाव लागतं."

आम्ही कोपऱ्यावर चहा घेऊन परत आलो.

मामा पुढे त्या गावात सात वर्षं छान राहिले, हेही सांगायला हवं. पण ते कॉलेजच्या जिवावर नव्हे. फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रोज सकाळी पेपर वाचायला बसू लागले, मग त्याच्या मुलाला गणित शिकवायला लागले, त्या मुलामागून आणखी चार आली. तिसरा रकाना भरला, पण त्याला दोन वर्षं लागली. आणि ती दोन वर्षं मामींनी त्या अनोळखी गावात कशी काढली, ते मामींनाच विचारावं.

तर कॉलेजच्या गावाचं असं असतं. तिथली गर्दी कायम अठरा ते बावीस वर्षांची असते. दर जूनला नवी येते, दर मे महिन्यात निघून जाते, आणि तिला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही तिथे विद्यार्थी होता तेव्हा त्या गावातले म्हातारे कुठे राहत, काय करत, हे तुम्हाला तरी आठवतंय का? घरमालक सोडून एकही नाव आठवणार नाही, माझी पैज. आता त्या जागी तुम्ही असणार.

तरीही अशा गावांचे फायदे आहेत, आणि ते तुम्ही पत्रात लिहिलेत त्याहून निराळे आहेत. मेसचा डबा. दोन माणसांचा स्वयंपाक ज्या दिवशी जिवावर येतो, त्या दिवशी भाजी-पोळी-वरण-भात दारात आणून देणारं कोणीतरी गल्लीत असतं, कारण गल्लीत पोरं असतात. रात्री साडेदहाला रिक्षा मिळते. मोबाइलमध्ये ओटीपी कुठे गेला ते दाखवणारं, पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र फोनवरून भरून देणारं कोणीतरी शेजारी असतं. माझ्या मते व्याख्यानमालेपेक्षा याचं मोल जास्त. व्याख्यानं यूट्यूबवर मिळतात, डबा नाही मिळत. तोटा विचाराल तर कॉलेजजवळ घरमालकांना कॉट बेसिसवर पोरं ठेवणं जास्त परवडतं, त्यामुळे तुमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा जण असू शकतात आणि त्यांचा दिवस रात्री अकराला सुरू होतो. शिवाय मे महिन्यात मेस बंद.

आता सांगली.

यजमानांच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा तुमच्या पत्रात आलाच नाही. तो म्हणजे मिरज. विश्रामबागेतून मिरज पाच-सहा किलोमीटर. डॉक्टर वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे दवाखाना काढला तेव्हापासून मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. 1962 सालापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सांगली-मिरज रस्त्यावर दवाखान्यांच्या पाट्या दुकानांसारख्या ओळीने लागतात. कोल्हापूर, सोलापूर, अगदी सीमेपलीकडूनही माणसं तिथे येतात. ज्या घरात स्टेंट आहे, त्या घराने हे शेजारपण कंसात घालू नये.

दुसरी बाजू पाण्याची. सांगलीत ऑगस्टमध्ये माणसं एकमेकांना 'बरे आहात ना' असं विचारत नाहीत, 'पाणी किती फुटांवर?' असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 फुटांवर गेली की धोका. 2019 सालच्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या वर गेली होती. 2005 आणि 2021 हीसुद्धा पुराची वर्षं. गंमत अशी की सांगलीत स्वतःचा पाऊस बेताचाच पडतो, पूर येतो तो वर कोयना-वारणेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाने. म्हणजे डोक्यावर ऊन आणि दारात पाणी असंही होऊ शकतं. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर यांनी 2019 मध्ये काय पाहिलं, ते तिथल्या कोणालाही विचारा. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पुरात भिजली. विश्रामबाग त्या मानाने उंचावर आहे, यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. पण 'विश्रामबाग' म्हणून आता बिल्डर जे विकतात ते सगळं विश्रामबागेत असतंच असं नाही. फ्लॅट बघताना जलसंपदा विभागाच्या नकाशातली निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशा मिळेपर्यंत सोपी पद्धत अशी : खाली इस्त्रीवाला किंवा किराणावाला असेल त्याला विचारा, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं?" तो हात करून दाखवतो. कुठल्या भिंतीवर, किती उंच. ब्रोशरपेक्षा त्या हातावर भरवसा ठेवा.

तुम्हाला गाणं हवं, म्हणून धारवाड, असं तुम्ही लिहिता. मिरजेवर हा जरा अन्याय होतोय. तंबोरे आणि सतारी करणारी घराणी मिरजेतली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक होते. नाटकाबद्दल तर सांगलीकर तुम्हाला बोलूच देणार नाहीत, 1843 सालच्या पहिल्या मराठी नाटकापासून सुरुवात करतील. तेव्हा गाण्यासाठी एकटं धारवाड नाही, एवढं मान्य करा.

धारवाडचं गाणं नाकारण्याची मात्र माझी छाती नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या गावात राहिले आणि कन्नड कवी बेंद्रे ज्या साधनकेरीच्या तळ्याकाठी राहिले, त्या गावाला हवापाण्याच्या पलीकडचं काही असतं हे मला कळतं. हवाही आहेच. सातशे मीटरांहून जास्त उंची, उन्हाळा सांगलीइतका भाजत नाही. पण तुमच्या आठवणीतल्या सप्तापूर भागात आता स्पर्धा परीक्षांचे क्लास, पीजी आणि तासाच्या हिशोबाने अभ्यासाला बसायच्या खोल्या आहेत. आयआयटी आली, कृषी विद्यापीठ आहे, कर्नाटक विद्यापीठ आहे, हुबळीपर्यंत जलद बसची वेगळी मार्गिका झाली. गाव पुढे गेलं आहे. तुम्ही तिथे गेलात त्या दोन चकरा किती दिवसांच्या होत्या, आणि कुठल्या महिन्यातल्या, हे पत्रात नाही. मला संशय आहे की त्या डिसेंबरातल्या होत्या. डिसेंबरात धारवाड कोणालाही आवडेल.

धारवाडचा पाण्याचा प्रश्न सांगलीच्या उलटा. मलप्रभेचं पाणी येतं, काही वॉर्डांत चोवीस तास येतं, पण बऱ्याच भागांत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येण्याची तिथल्या लोकांना सवय आहे. मोठी टाकी, खाली सम्प (जमिनीतली टाकी), मोटर, आणि पाणी सोडायची वेळ लक्षात ठेवणारं माणूस. तुमच्या नकाशात पारिजातकाला जागा आहे, सम्पला दिसत नाही.

आणि तो प्लॉट. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपल्यात म्हणतात ते तिशी-चाळिशीतल्या माणसांना उद्देशून. सहासष्टाव्या वर्षी, ज्या भाषेत यजमानांना गवंड्याशी वाद घालता येत नाही त्या भाषेच्या गावात, सगळी कागदपत्रं कन्नडमध्ये, घर बांधायला काढणं म्हणजे तुम्ही एकटीने बांधणं. वाळू, सिमेंट, महापालिकेचा खाता (मालमत्तेची नोंद), वीजजोड, सगळीकडे तुम्हीच पुढे आणि ते मागे पिशवी घेऊन. डोंबिवलीत पस्तीस वर्षं कारखान्यात शंभर माणसांना हाताखाली ठेवलेल्या माणसाला हे किती दिवस झेपेल? धारवाडच्या बाजारात मराठी चालते, हिंदी चालते, मान्य. तेवढ्यावर भाजी घेता येते, पण भाजीवालीशी थट्टा करता येत नाही. आणि ज्या गावात थट्टा करता येत नाही, तिथे माणूस दुपारी झोपायला लागतो.

जी. ए. कुलकर्णींचं उदाहरण तुमच्या डोक्यात असेल. धारवाडला वर्षानुवर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्या गावाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. तेही अखेरीला पुण्यात आले आणि 1987 साली तिथेच गेले. ज्या गावात आपण हयात काढली, तेच गाव शेवटच्या वर्षांना पुरतं असं नसतं, हे त्यांच्यासारख्या धारवाडकरालाही चुकलं नाही. मग तीन वर्षं वसतिगृहात राहिलेल्या आपल्यासारख्यांचं काय.

मुलांचा मुद्दा मी थोडक्यात आटपते. सांगलीहून पुणे जवळ म्हणून ते सांगली म्हणतात, धारवाडहून बंगळुरू सोयीचं म्हणून तुम्ही धारवाड म्हणता. मुलं नोकरी करतात. तीन वर्षांनी मुलगा हैदराबादला आणि मुलगी सिंगापूरला असेल, तेव्हा तुमच्या हातात फ्लॅट राहील. मुलांच्या आजच्या पत्त्यावर आपलं घर बांधू नका. तसंही दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. 2024 पासून पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाली, ती मिरजेला आणि धारवाडला दोन्हीकडे थांबते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस तर जुनीच. रस्त्याने दोनेकशे किलोमीटर. तुम्ही ज्याला दोन टोकं म्हणताय, त्यांच्यामध्ये एका सकाळचा प्रवास आहे. मधे बेळगाव लागतं, जिथे दोघांचीही भाषा चालली असती. पण 'बेळगाव नको, तिथलं वेगळं आहे' असं तुम्ही एका ओळीत मिटवलंत, तेव्हा मीही ते उकरत नाही.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलते. रागावू नका.

तुम्ही दोघं मिळून दोघांसाठी गाव शोधताय. पण दोघांसाठी लागणारं गाव आणि एकट्याला लागणारं गाव ही वेगळी असू शकतात. तुम्ही त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान, त्यांना हृदयाचा त्रास होऊन गेलाय, आणि एकूणातच बायका जास्त जगतात. हिशोब काय सांगतो ते बँकेत नोकरी केलेल्या बाईला मी काय सांगावं. पुढची दहा-बारा वर्षं दोघांसाठी मिरजेजवळचं घर शहाणपणाचं दिसतं. त्यानंतरची दहा-पंधरा कदाचित तुमची एकटीची आहेत. आणि त्या दहा-पंधरा वर्षांसाठी विश्रामबागेतला तो फ्लॅट, वालचंदच्या कुठल्या बॅचमेटच्या बायकोची जुजबी ओळख आणि संध्याकाळची मालिका एवढंच असेल, तर सांगलीचा निर्णय तुमच्यासाठी चुकलेला असेल. उलटंही होऊ शकतं, तुम्ही आधी गेलात तर धारवाडच्या त्या ओसरीवर ते कोणाशी आणि कुठल्या भाषेत बोलणार?

हा प्रश्न एकदा मोठ्याने विचारा. 'मी एकटी राहिले तर मला कुठे राहायला आवडेल', 'मी एकटा राहिलो तर', असा दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहून. अभद्र बोलू नये वगैरे आपल्याला शिकवलेलं असतं, म्हणून आपण नकाशात पारिजातक लावतो. असं लिहून ठेवणाऱ्या घरांमध्ये पुढे मुलांचे फोनवरचे वादही कमी होतात, हे मी इतर पत्रांवरून सांगते.

तर माझा कौल. आत्ता काहीही विकत घेऊ नका, आणि डोंबिवलीचं घर विकू नका, भाड्याने द्या. घर विकल्यावर त्या नफ्यावरचा कर वाचवायला दुसरं तयार घर घ्यायची मुदत साधारण दोन वर्षांची असते, आणि ते घड्याळ विक्रीच्या दिवसापासून चालू होतं. न विकता भाड्याने राहिलात तर घड्याळच चालू नाही. (तरी आपल्या सीएला विचारा, कायदे बदलत असतात.) विश्रामबागेत अकरा महिन्यांच्या करारावर लिफ्टवालं घर घ्या. जूनमध्ये जा, म्हणजे नव्या पोरांबरोबरच गावात शिराल, पाऊस बघाल, पाणी किती फुटांवर ते तुम्हीही विचाराल. एप्रिल-मे मध्ये सांगली भाजते तेव्हा तीही बघा.

सांगली आधी का, हे उघड आहे. औषधपाणी, आणि यजमानांची भाषा. पण या अकरा महिन्यांची परीक्षा त्यांची नाही, तुमची आहे. दिवाळीपर्यंत त्या गावात तुम्हाला स्वतःची दोन दारं मिळाली पाहिजेत. स्वतःची म्हणजे त्यांच्या ग्रुपमुळे न मिळालेली. अशी दारं की जिथे आधी फोन न करता जाता येतं आणि आतून "या, चहा टाकलाय" असं ऐकू येतं. कोणी गाण्याच्या क्लासमध्ये भेटेल, कोणी बँकेतल्या निवृत्तांच्या संघटनेत, कोणी नुसतीच भाजीच्या गाडीवर. दोन मिळाली, तर सांगलीला घर घ्यायला माझी हरकत नाही, आणि दरवर्षी गाण्याच्या दिवसांत धारवाडला महिनाभर जाऊन राहा. नाही मिळाली, तर पुढचे अकरा महिने धारवाडला, तेही भाड्याने, आणि तेव्हा परीक्षा यजमानांची. त्यांना कन्नड शिकायला आत्तापासून बसवा. इंजिनिअर आहेत, अक्षरं तर महिन्यात येतील.

भाड्याच्या घरात असताना करायची कामं किरकोळ आहेत, पण ती केलीच पाहिजेत. तुमच्या आरोग्य विम्याला कुठल्या दवाखान्यात कॅशलेस चालतं ते दवाखान्याच्या काउंटरवर जाऊन विचारा, वेबसाइटवर नको. यजमान चार वर्षांनी सत्तरीचे होतील, तेव्हा आयुष्मान भारतचं वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच उत्पन्न न बघता मिळतं, त्या यादीत तिथला कुठला दवाखाना आहे तेही तेव्हाच बघून ठेवा. घरापासून हृदयरोगाच्या दवाखान्यापर्यंत एकदा संध्याकाळी सहाला आणि एकदा रात्री दोनला रिक्षाने जाऊन या. खरंच जा. रिक्षावाल्याला वेड लागल्यासारखं वाटेल, वाटू दे, आणि त्याचा नंबर घेऊन ठेवा. प्रवासाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या एसटीत तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट, पण ते राज्याच्या हद्दीपुरतं. धारवाडकर होऊन आधारवर तिथला पत्ता आला, तर 2023 पासून तिथल्या रहिवासी बायकांना साध्या सरकारी बसने फुकट फिरता येतं. पुरुषांना नाही. तेवढाच तुमच्या बाजूने एक मुद्दा.

यजमानांच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये 74 जण आहेत असं तुम्ही लिहिलंत, आणि पुढच्याच वाक्यात सांगलीत त्यांपैकी तिघे. त्या तिघांपैकी एक जण सहा महिने अमेरिकेत मुलाकडे. म्हणजे अडीच माणसांसाठी फ्लॅट. मी हे खवचटपणे म्हणत नाही, अडीचही पुरतात, पण ती अडीच माणसं बुधवारी दुपारी काय करतात हे त्यांनी जाऊन बघावं. गेट-टुगेदरच्या शनिवारी सगळेच मोकळे असतात.

आणि तुमचं काय? चौथ्या पानाच्या तळाशी, सहीच्या आधी, तुम्ही एका मैत्रिणीचा उल्लेख केलाय. वसतिगृहातली खोलीसोबतीण, लग्नानंतरही धारवाडातच राहिली, सप्तापूरजवळ घर आहे, नऊ वर्षांत बोलणं नाही. धारवाडला दोनदा जाऊनही तुम्ही तिच्याकडे गेला नाहीत. का, ते लिहिलेलं नाही आणि मला ते कळायचीही गरज नाही. पण दीड पान नकाशा काढणाऱ्या बाईने तिसऱ्या रकान्यातलं एकमेव नाव पत्राच्या तळाशी ढकललं, एवढं माझ्या लक्षात आलं.

तिला या आठवड्यात फोन करा. सणाच्या शुभेच्छा द्यायला करू नका, त्या द्यायला व्हॉट्सॲप आहे. कामाचा म्हणून करा, सकाळी अकराच्या सुमाराला, तिचं आवरलेलं असताना. इकडचं तिकडचं फार न बोलता सरळ विचारा : "अगं, तुमच्या भागात पाणी कितव्या दिवशी येतं?"